शुक्रवारची बोट

नळदुर्गच्या अलीकडं, हैदराबाद रस्त्याला लागून उमाबाईंचा पेट्रोल पंप आहे. तिथं श्रीदेवी तीन वर्षांपासून नोझल धरते. या तीन वर्षांत तिनं काय काय नाही पाहिलं? वरातीतून सुटलेला नवरदेव बुलेटवर आला होता, उंट भरलेला ट्रक आला होता, एकदा तर एक म्हातारा रिकामी बाटली घेऊन आला आणि गोठ्यातल्या गोचिडांसाठी नुसता वास द्या म्हणाला होता. पण ट्रॅक्टरच्या मागं ट्रॉलीवर बसून बोट आली, तेव्हा रांगेतले ट्रकवाले केबिनमधून खाली उतरले. ज्या मुलखात उन्हाळ्यात माणसांना पाणी टँकरनं येतं, त्या मुलखात बोट पेट्रोल प्यायला आली होती.

बोट दिग्विजयची. दिग्विजय म्हणजे श्रीदेवीच्या गावच्या, हालहळ्ळीच्या मोठ्या जमीनदाराचा धाकटा मुलगा. पुण्यात शिकून आला आणि शेतात तंबू ठोकून पाहुणे ठेवायला लागला. पाहुण्यांना गावच्या तलावात गळ टाकून बसता यावं म्हणून त्यानं हैदराबादच्या एका हौशी माणसाकडून ही जुनी बोट आणली. फायबरची, चपटी, वांग्याच्या रंगाची. पुढं एक आणि मागं एक गोल फिरणारी खुर्ची, आणि मधे धरलेले मासे जिवंत ठेवायची टाकी. परदेशात म्हणे अशा बोटींतून मासे धरायच्या शर्यती लागतात आणि धरलेला मासा वजन करून परत पाण्यात सोडतात. हे ऐकून हालहळ्ळी दोन दिवस हसत होती.

आणि या बोटीचा कप्तान कोण, तर श्रीदेवीचे सासरे, बसवराज अप्पा.

अप्पांनी चौतीस वर्षं त्याच तलावात काहील चालवली. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची मोठी कढई. तलावानं जुनी वाट बुडवल्यापासून पलीकडच्या रानात जायला गावाला तीच नाव होती. चौतीस वर्षांत अप्पांच्या काहिलीतून माणूस पडलं नाही, शेरडू पडलं नाही, नव्या नवरीच्या पदराला पाणी लागलं नाही. मग पूल झाला. पुलाच्या उद्घाटनाला गाव पेढे खात होतं तेव्हा अप्पा घराच्या ओट्यावर बसले, ते आठ महिने तिथून उठले नाहीत. सासूबाई, म्हणजे सिद्धम्मा, चिडून म्हणायच्या, ह्यांच्याखाली आता गवत उगवंल. दिग्विजयनं बोटीचं चाक हातात दिलं तेव्हा कुठं माणूस पुन्हा माणसांत आला. अप्पांनी त्या दिवशी दाढी केली, धोतर बदललं आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

श्रीदेवीचा या सासऱ्यावर जीव होता, आणि त्याला कारण होतं. तिला पंपावर नोकरी लागली तेव्हा भावकीत कुजबुज झाली. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सुनेनं रस्त्यावर उभं राहून परक्या गाड्यांत तेल ओतायचं, शोभतं का? अप्पा तेव्हा भर बैठकीत म्हणाले होते की मी चौतीस वर्षं परक्या बायांना हात देऊन काहिलीत चढवलं, तेव्हा कुणाची अब्रू बुडाली नाही. तिनं नळी धरली तर काय बुडतंय? दुसऱ्या दिवशी ते स्वतः तिला पंपावर सोडायला गेले आणि उमाबाईंना सांगून आले की पोरीचा हात स्थिर आहे.

हात खरंच स्थिर होता. श्रीदेवीनं भरलेल्या टाकीवर थेंब दिसायचा नाही. ट्रकवाले दोन नोझलं मोकळी सोडून तिच्या रांगेत थांबायचे. तिच्या आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं जे काही होतं, त्यात हे नाव सगळ्यात वर होतं.

त्या नावाला बोटीनं डाग लावला.

पहिल्या शुक्रवारी श्रीदेवीनं नेहमीसारखं नोझल आत घातलं, खटका दाबला आणि आकड्यांकडं मान वळवली. तेवढ्यात टक् करून खटका सुटला. टाकी भरली की खटका आपोआप सुटतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे; पण गेलं होतं जेमतेम पाच लिटर. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. तिसऱ्यांदा टाकीनं गुळणी केली आणि घोटभर पेट्रोल तिच्या मनगटावर, बाहीवर आणि बोटीच्या अंगावर उडालं. चाळीस लिटरला पस्तीस मिनिटं गेली. मागं ट्रक खोळंबले, हॉर्नचा बाजार उठला, आणि एका सरदारजीनं खाली उतरून गंभीरपणे हिंदीत विचारलं की हिला बाळंत करताय का.

दुसऱ्या शुक्रवारी श्रीदेवी तयारीनं आली. नोझल तिरकं धरून बघितलं, उलटं धरून बघितलं, निम्मंच आत घालून बघितलं. ट्रॉलीचं एक चाक विटेवर चढवून बोट कलती केली. धार एवढी बारीक सोडली की तेवढ्या वेळात भाकरी भाजून झाली असती. टाकीनं तरी गुळणी केलीच. सोलापूरहून मेकॅनिक आला. त्यानं बोटीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, झाकणाखालची जाड नळी बघितली, ती चांगली आहे म्हणाला, आणि पंपाचा जोर जास्त आहे असं सांगून चहा पिऊन गेला. पंपाचा मेकॅनिक आला. त्यानं पंप तपासला, जोर बरोबर आहे म्हणाला, बोटीत खोट आहे असं सांगून तोही चहा पिऊन गेला. चहा तेवढा दोन्हीकडून गेला. डब्यात सुटं पेट्रोल द्यायचं नाही असा नियम, आणि पुढच्या पंपावर ट्रॅक्टरला बोटीची ट्रॉली वळवायला जागा नाही. तेव्हा दर शुक्रवारी बोट इथंच येणार हे ठरलेलं.

तिसऱ्या शुक्रवारी श्रीदेवी नेमकी चहाला गेली होती. उमाशंकर नावाचा तिच्याबरोबरचा माणूस पुढं झाला आणि त्यानं पाच लिटर धार धरून भरलं. पाचच, कारण दिग्विजयला तेवढंच हवं होतं. खटका सुटला नाही, थेंब सांडला नाही. उमाशंकरनं नोझल असं काही जागेवर ठेवलं की जणू तलवार म्यान केली. नाचता येईना अंगण वाकडं, असं तो कुणाला उद्देशून नाही अशा बेतानं म्हणाला, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

उमाबाईंनाही गेलं. बाई वाईट नव्हत्या. नवऱ्यामागं दहा वर्षं एकटीनं पंप चालवलेली बाई. पण सांडलेल्या पेट्रोलला त्या सापाला भ्यावं तशा भ्यायच्या, आणि भ्यायलाच पाहिजे. त्यांनी श्रीदेवीला बोलावून शांतपणे सांगितलं. पुढच्या शुक्रवारी बोट साठ लिटर भरणार आहे, शनिवारी येळवस, शेतात जाऊन जेवायचा सण, दिग्विजयचे वीस पाहुणे येणार आहेत. तेव्हा मी स्वतः समोर बसेन. सांडलं तर सोमवारपासून नोझल उमाशंकरकडं आणि तू चाकात हवा भरायला. श्रीदेवी हो म्हणाली. हवा भरायला बसणं म्हणजे काय, हे पंपावर काम केलेल्यालाच कळेल. गवयाला टाळ्या वाजवायला बसवण्यातला प्रकार.

घरी अप्पा तिच्या बाजूनं एवढे भांडत होते की तिलाच नको झालं. नोझल खराब, पंप खराब, उमाबाईंची नजर खराब, फक्त बोट आणि सून तेवढी चांगली. जेवताना ते बोटीचे गुण सांगत बसले. गुणी आहे, फक्त थोडी मानी आहे. तलावाच्या मध्यावर गेली की कधी कधी अडखळते, रुसून बंद पडते. मग टाकीचं झाकण उघडायचं, ती फुस्स करते, राग जातो, झाकण लावलं की पुन्हा पळते. सिद्धम्मा म्हणाल्या, म्हंजी तुमच्यासारखीच की. अप्पा हसले. श्रीदेवीचा घास मात्र हातातच राहिला. फुस्स का करते?

बुधवारी पंपावर टँकर आला. जमिनीतल्या टाकीत पेट्रोल उतरायला लागलं आणि श्रीदेवी मागच्या भिंतीकडं बघत उभी राहिली. तिथं चार उंच पाइप उभे असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते झेंड्याचे खांब वाटतात; पण खालची टाकी भरताना आतली हवा त्या पाइपांतून वर जाते आणि टोकाशी उन्हात थरथरताना दिसते. दोन वर्षांपूर्वी त्यातल्या एका पाइपात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. टँकर उतरायला तास लागला होता. ड्रायव्हर म्हणाला होता, तुमच्या टाकीचं नाक चोंदलंय. काठीनं माती पाडली आणि पेट्रोल घळाघळा उतरलं.

मग बोटीचं नाक कुठं होतं?

गुरुवारी चार वाजता पाळी संपवून श्रीदेवी थेट तलावावर गेली. बोट उद्यासाठी काठावर काढून ट्रॉलीवर ठेवली होती आणि अप्पा खुर्च्या पुसत होते. बोटीच्या कप्प्यात इंग्रजी पुस्तक होतं. अक्षरं तिच्या कामाची नव्हती, चित्र होतं. चित्रात टाकीला दोन नळ्या होत्या. जाड नळी झाकणाकडं येत होती, हे सगळ्यांनी बघितलं होतं. दुसरी करंगळीएवढी, ती बोटीच्या अंगाकडं जाऊन बाहेर उघडत होती. श्रीदेवीनं मागचं फळकूट उचललं. करंगळीएवढी नळी खरोखरच होती आणि उजव्या अंगाला जाऊन टेकत होती. ती बाहेरून फिरून त्या जागी आली, तर तिथं भोक नव्हतं. तिथं भस्म होतं.

अप्पा रोज सकाळी अंघोळ करून इष्टलिंगाची पूजा करत, स्वतःच्या कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढत, आणि तलावावर आले की बोटीला ओढत. बोटीला पुढं का नाही, मागच्या कुशीला का, असं कुणी विचारलं तर सांगत की पुढं पाणी उडून पुसून जातं. सोलापूरच्या मेकॅनिकनं त्या जागेला नमस्कार केला होता. देवाची खूण, तिला कोण हात लावणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा हा प्रकार तीन आठवडे चालला होता.

श्रीदेवीनं भस्मावरून हलकेच बोट फिरवलं. खाली उंचवटा लागला, दगडासारखा कडक, अंगठ्यानं गोल फिरवून गुळगुळीत केलेलं, चिरा बुजवायचं लुकण. हा अंगठा ती ओळखत होती. घरातल्या पाण्याच्या हौदाची चीर अशीच बुजवलेली होती.

तिनं विचारलं की मामा, भस्म नेमकं इथंच का. अप्पांनी आजूबाजूला बघितलं, तिला जवळ बोलावलं आणि एवढ्या दिवसांचं गुपित सांगितलं.

“कुणापाशी बोलू नको. पैल्या दिवशी म्या बोट हातानं चाचपून बगितली, इतभर जागा सोडली न्हाय. तर हितं भोक. एवढी महागाची बोट अन् कुशीला भोक. त्या हैदराबादवाल्यानं पोराला फसवलं. दिग्विजय लई हौसेनं आला व्हता, त्याचं मन मोडंल म्हून म्या गप बसलो. भोक बुजवलं अन् वर महादेवाचं नाव लावलं.”

श्रीदेवीला हसू आलं आणि रडूही आलं. हैदराबादच्या त्या बिचाऱ्यानं कुणालाही फसवलं नव्हतं. तिनं सावकाश विचारून बघितलं की मामा, एखादं भोक हवेसाठी ठेवलेलं असलं तर? अप्पांना ती कल्पना फार आवडली. नावेला हवेसाठी भोक? वर सगळं आभाळ मोकळं आहे, ते कमी पडतंय का? आणि मग त्यांनी तिला ती गोष्ट सांगितली, जी तिनं लग्नापासून ऐकली होती. ऐन पावसाळ्यात अडलेली बाई काहिलीतून नेताना तळाला भोक पडलं होतं, आणि अप्पांनी त्यात पायाचा अंगठा खुपसून, एका पायावर बसून, पैलतीर गाठला होता. मुलगी झाली. ती आता तुळजापूरला शाळेत शिकवते. नावेचं भोक दिसलं की माझा अंगठा अजून ठणकतो, अप्पा म्हणाले.

आता अशा माणसाला कसं सांगायचं की तुम्ही बोट वाचवली नाही, तिचं नाक दाबून धरलंय? गुपचूप खरवडून टाकावं म्हटलं तर उद्या सकाळी भस्म लावायला येतील, भोक दिसेल, पुन्हा बुजवतील. दिग्विजयला सांगावं तर तो पुण्याहून एखादा शिकलेला कप्तान आणेल आणि अप्पा पुन्हा ओट्यावर बसतील. न सांगावं तर सोमवारपासून हवा. दुधानं पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, इथपर्यंत ठीक. त्या ताकात आपल्यालाच बुडवलं तर काय करायचं? श्रीदेवी घरी आली आणि तिच्या हातून त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं.

शुक्रवारी उमाबाई सावलीत खुर्ची टाकून बसल्या. दिग्विजय ट्रॅक्टरवरून उतरला, अप्पा बोटीत उभे राहून आले होते, जणू रस्ताही त्यांचाच. उमाशंकर दोन नंबरच्या नोझलला टेकून उभा होता. येळवशीच्या आदल्या दिवशीची गर्दी, ऊस उतरवून परतणाऱ्या ट्रकांची रांग. श्रीदेवीनं देवाचं नाव घेतलं आणि खटका दाबला. उमाशंकरचं गेलं तसं पाच लिटर सरळ गेलं. सहाव्याला टक्. सातव्याला टक्. आठव्याला टाकीनं गुळणी केली आणि उमाबाईंच्या पायांपासून हातभर अंतरावर पेट्रोलचा ओघळ आला.

उमाबाई उठल्या. अप्पा त्यांच्याआधी बोटीतून खाली उतरले. नोझल बदला म्हणाले, पंप तपासा म्हणाले, आमच्या सुनेच्या हातून दूध ओतताना साय हलत नाही म्हणाले. श्रीदेवीनं नोझल अडकवलं, टाकीचं झाकण लावलं, अप्पांना बाजूला घेतलं आणि त्यांच्याकडं न बघता, हलक्या आवाजात बोलली.

“मामा, आपल्या टाकीत पेट्रोल जातंय तवा आतली हवा कुठून भायर यायची? म्हून ती गुळणी टाकायलीय. तलावात झाकण उघडल्यावर फुस्स व्हतंय, ते ह्याच्यापाईच. ते भोक तिचं नाक हाय. तुमी लुकण काढा, म्या कुंभारमाशीचं घर व्हतं म्हून सांगते. तुमचं नाव न्हाय निगणार.”

अप्पा म्हणजे पाण्यावरचा माणूस, एकदा कळलं की दोनदा सांगावं लागत नाही. फुस्स आठवलं असणार, बंद पडणं आठवलं असणार, आणि चार शुक्रवार आपण कुणासाठी आणि कुणाविरुद्ध भांडत होतो हेही. त्यांचं तोंड एकदम म्हाताऱ्याचं झालं. ते बोटीच्या उजव्या अंगाला गेले, पाठ सगळ्यांकडं केली, भस्म उपरण्यानं टिपून घेतलं, उपरणं कपाळाला लावलं, आणि श्रीदेवीनं दिलेल्या केसांच्या आकड्यानं लुकण कुरतडायला लागले. टवका निघाला तसा आतून लांब सुस्कारा आला.

श्रीदेवीनं झाकण उघडून पुन्हा खटका दाबला. आणि आकडे धावायला लागले. दहा, वीस, तीस. टक् नाही, गुळणी नाही, नुसता घळघळ आवाज. साठपर्यंतचं उरलेलं चार मिनिटांच्या आत गेलं. शेवटचा थेंब तिनं टाकीतच झटकला, झाकण लावलं आणि फडक्यानं काठ पुसला, तर फडकं कोरडं. मागच्या ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. तीन आठवड्यांत श्रीदेवीला पहिल्यांदा बरं वाटलं.

दिग्विजयनं विचारलं की काय झालं होतं. श्रीदेवीनं ठरल्याप्रमाणं सांगितलं. बोटीच्या कुशीला हवेचं भोक असतं, त्यात कुंभारमाशीनं घर केलं होतं. दिग्विजय खूश झाला. खोटं इतकं सहज खपलं की श्रीदेवीला वाटलं, सुटलो.

पण उमाबाई दहा वर्षं पंप चालवत होत्या. त्यांनी थंडपणे विचारलं, माशीचं घर डोळ्यांना दिसतं ना? मग तीन शुक्रवार तू त्या बोटीच्या अंगाशी उभी होतीस, तुला दिसलं नाही? इथं पाइपात माशी शिरली होती ते तू बघितलेलं. तरी आठ-आठ दिवस पेट्रोल उडू दिलंस, चार पावलांवर ट्रकांची इंजिनं चालू असताना. हात चांगला आहे, पण नजर नाही. आणि नजर नसलेलं माणूस मला नोझलला नको. सोमवारपासून उमाशंकर.

श्रीदेवीकडं याला उत्तर होतं. एका वाक्याचं. ते उत्तर उजव्या अंगाला पाठमोरं उभं होतं, हातात केसांचा आकडा धरून. ती खाली बघत राहिली आणि बरं म्हणाली. तिनं गळ्यातली पंपाच्या पैशांची पिशवी काढली आणि उमाशंकरच्या हातात दिली. त्यालाही ती नीट घेता येईना.

तेव्हा अप्पा वळले.

“उमाबाई, माशी न्हवती. ती माशी म्या हाय.”

कुणाला काही समजलं नाही. अप्पांनी तळहात पुढं केला. त्यावर लुकणाचा टवका होता, गोल, अंगठ्याचा ठसा उमटलेला.

“म्या बुजवलं हे. आल्या दिवशीच. नावेला भोक म्हंजी मरण, एवढंच मला शिकवलेलं. नाक असतंय हे कुणी सांगितलं न्हवतं. हिनं काल शोधून काढलं, अन् माजी लाज राखाया माशीच्या माथी मारलं. नजर हिला हाय. न्हाय ती मला. काढायचं तर मला काढा.”

चौतीस वर्षांत ज्यानं कुणाची माफी मागितली नव्हती त्या माणसानं रस्त्याच्या कडेला, ट्रकवाल्यांच्या घोळक्यात, उमाबाईंपुढं हात जोडले. श्रीदेवीला तिथं उभं राहवेना. पिशवी गेली तेव्हा न आलेलं पाणी आत्ता डोळ्यांत आलं, आणि तिनं ते पुसलंही नाही.

दिग्विजयनं वाकून टवका बघितला. मग त्यानं बोटीकडं बघितलं आणि एकदम सावध झाला.

“अप्पा, आणखी कुठं बुजवलंय का?”

अप्पांनी विचार केला.

“दोन ठिकानी.”

एक भोक माशांच्या टाकीचं, जादा पाणी बाहेर जायचं. म्हणूनच दर फेरीला पाहुण्यांचे बूट भिजत होते आणि दिग्विजय पाहुण्यांना लाटांचं कारण सांगत होता. दुसरं तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं. तो पंप गेला महिनाभर पाणी उपसून परत बोटीतच आणत होता. दिग्विजयनं कपाळाला हात लावला, आणि मग तो हसायला लागला तो थांबेना. नोकरीवरून कमी करण्याचा विषय निघालाच नाही. एक तर उद्या वीस पाहुणे होते, आणि दुसरं, राहिलेली दोन भोकं नेमकी कुठं आहेत हे फक्त अप्पांना ठाऊक होतं.

उमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी उमाशंकरच्या हातातली पिशवी घेतली, श्रीदेवीच्या गळ्यात अडकवली आणि रांगेकडं बोट केलं.

“श्रीदेवी, दोन नंबरला ट्रक उभाय.”

ती गेली. झाकण उघडलं, नोझल घातलं, आकड्यांकडं मान वळवली. थेंब सांडला नाही.

मागं ट्रॅक्टर सुरू झाला तरी अप्पा बोटीत चढले नव्हते. ते रांगेतल्या ट्रकांपाशी एकेक करून जात होते. दरवाजा वाजवायचे, ड्रायव्हर खाली वाकला की तळहातावरचा टवका दाखवायचे आणि सांगायचे की बघा, हा माझा गाढवपणा, आणि तो जिनं पकडला ती माझी सून, ती तिकडं उभी आहे. पहिल्या शुक्रवारचा सरदारजीही आज रांगेत होता, त्याला मराठी येत नव्हतं, तर त्याला त्यांनी ती सगळी गोष्ट हिंदीत, हातवारे करून, पुन्हा पहिल्यापासून सांगितली. पाच ट्रक झाले, सहावा राहिला होता, आणि दिग्विजय हॉर्न वाजवत होता.